चार जुलैला बस्टर कुत्रा आमच्या घरी राहू देण्याबाबत

दिनांक: ३० जून १९९८

प्रति,
मा. श्री. सत्यजित कर्णिकसाहेब,
अध्यक्ष, घरमालक समिती,
मेपल हॉलो कॉलनी,
नोव्हाय, मिशिगन.

विषय: चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांत कुत्रा सांभाळण्याची परवानगी, आणि आपली थोडी मदत मिळणेबाबत.

संदर्भ: आमच्या दाराला आपण चिकटवलेली नोटीस, 'या घरात चार जुलैला कोणाचंही कुत्रं ठेवू नये.'

महोदय,

सविनय अर्ज करतो की, मी एकनाथ मेश्राम, आपल्या कॉलनीतल्या प्रफुल्ल मेश्रामचा बाप. जन्मभर नागपूर डेपोत एसटी चालवली. शाळा चौथीपर्यंत. अर्ज लिहिले ते फक्त रजेचे, तेव्हा कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. प्रफुल्ल म्हणतो, "बाबा, इथं असा अर्ज कोणी करत नाही, फोन करा ना." मी म्हटलं, फोनवर साहेब लोक 'बघू' म्हणतात आणि बघत नाहीत. कागद समोर आला की सही करावी लागते.

१. बस्टर म्हणजे शेजारच्या डोरिसबाईंचा काळा, म्हातारा कुत्रा. बाईंना माझं मराठी कळत नाही, मला त्यांचं इंग्लिश कळत नाही, बस्टरला दोन्ही कळतं, म्हणून आमचं बरं चाललंय. फटाका वाजला की तो थरथर कापतो. एका चार जुलैला तर खिडकीची जाळी फाडून पळाला आणि फ्रीवेच्या कडेला सापडला. यंदा बाईंचं कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं, त्या दवाखान्यात आहेत. जाताना त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की याचं हृदय नाजूक आहे, अजून एकदा असा घाबरला तर वाचायचा नाही. आपली नोटीस पाळली तर त्याला अनोळखी लोकांच्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल. तिथं त्याच्या पाठीवर हात कोण ठेवणार?

२. गेल्या वर्षीच्या प्रकाराबद्दल. समितीनेच घरोघर पत्रक वाटलं होतं. पडदे ओढा, कुत्र्याला खेळणं द्या, टीव्ही मोठ्याने लावा, म्हणजे बाहेरचा आवाज ऐकू जात नाही. मी मनात म्हटलं, आपल्या घरी पडदे आहेत, टीव्ही आहे, दिवसभर रिकामा माणूसही आहे. गल्लीतली सगळी कुत्री मी बेसमेंटमध्ये बोलावली. सतरंज्या अंथरल्या, ओळीने पाणी ठेवलं. टीव्हीवर इंग्लिश काय लावायचं ते मला कळेना, म्हणून प्रफुल्लच्या लग्नाची कॅसेट लावली. चांगली तीन तास चालते.

कुत्री फार रमली. भंतेजींनी वंदना सुरू केली तशी गप्प बसली. पाहुण्यांची भाषणं झाली तेव्हा आडवी झाली. आहेर पुकारायला लागले, "कामठीच्या बोरकर परिवाराकडून एक स्टीलचा हंडा," तेव्हा दोघं घोरत होती. आणि मग वरात निघाली. नवरदेव उतरला तशी त्याच्या मामाने दहा हजार फटाक्यांची माळ लावली. आमच्या टीव्हीचा आवाज पत्रकाप्रमाणे मोठाच होता.

महोदय, त्या दिवशी बाहेर पाऊस होता. शाळेच्या मैदानावरचे फटाके कॅन्सल झाले होते. अख्ख्या नोव्हायमध्ये फटाके वाजले ते फक्त आमच्या बेसमेंटमध्ये, तेही नागपूरचे.

पळालेली कुत्री आपल्याच गॅरेजमध्ये का शिरली ते मी सांगू शकत नाही. तिथं आपलं बार्बेक्यू चालू होतं, वासावर गेली असतील. तंगड्या गेल्या, आपल्याला गाडीच्या टपावर चढावं लागलं, आपल्या घरच्या संध्यावहिनींची नवी साडी गेली. या सगळ्याचं मला वाईट वाटतं. पण माझी चूक काय? वरात आणि माळ एकाच कॅसेटवर भरली त्या व्हिडिओवाल्याला आपण काहीच म्हणत नाही. आणि एक गोष्ट नोटिशीत आलेली नाही, ती आपल्या कानावर घालतो. त्या दिवशी सगळी पळाली, पण बस्टर पळाला नाही. तो माझ्या मांडीवर चढला आणि माळ संपेपर्यंत तिथंच बसला. मांडी दोन दिवस सुजली होती.

३. यंदा मी अक्कल वापरली. सूनबाई जागृतीने दुसरी कॅसेट करून दिली. त्यात वरात नाही, बँड नाही, नुसती वंदना, भाषणं आणि आहेर. कॅसेट थोडी उरली म्हणून तिने शेवटी महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमातलं साहेबांचं, म्हणजे आपलं, भाषण भरलं. विषय 'वेळेचं महत्त्व'. आपल्याला आठवत असेल, जेवण गार झालं होतं.

४. गेला आठवडाभर पोरं रस्त्यावर फटाके उडवून बघतायत. प्रत्येक वेळी मी कॅसेट लावली. वंदनेला बस्टर गप्प बसतो, पण कान उभे. आहेरांना मान टाकतो. आपलं भाषण सुरू झालं की पाय पसरून झोपतो. दारासमोर सुतळी बॉम्बसारखं काहीतरी वाजलं तरी हलला नाही. नात उपासना म्हणाली, "आबा, ही इज सो बोअर्ड!" मी तिला दटावलं. म्हटलं, साहेबांच्या आवाजात गुण आहे बेटा, सगळ्यांना साधत नाही.

५. काल व्हीसीआरने कॅसेट खाल्ली. रोज लावून टेप ढिली पडली होती. जागृतीने पेन्सिलीने गुंडाळायचा प्रयत्न केला, पण नेमकं आपलं भाषण आहे तिथंच ती तुटली. मंडळाकडे दुसरी प्रत मागितली. तिथल्या अहिल्याबाई म्हणाल्या, "काका, त्या भाषणाची प्रत आजवर कोणी मागितलीच नाही हो."

६. तरी विनंती अशी की, नोटीस मागे घ्यावी, आणि चार जुलैला अंधार पडायच्या आत आपण स्वतः आमच्या बेसमेंटमध्ये यावं. खुर्ची, पाणी, पंखा तयार ठेवतो. माइक लागला तर प्रफुल्ल ऑफिसातून आणेल. विषय कोणताही चालेल. गवत किती उंच वाढू द्यावं, यावर आपण सभेत बोलता तेही चालेल. फक्त मैदानावरचा शेवटचा फटाका होईपर्यंत मध्ये थांबू नये. तसं थांबायची आपल्याला सवय नाही, त्यामुळे त्याची मला चिंता नाही.

बस्टर समोर झोपला तर आपण मनाला लावून घेऊ नये. तो झोपला म्हणजे वाचला. दवाखान्यातून फोन आला की डोरिसबाईंना मला दोनच शब्द सांगता येतात, 'बस्टर ओके.' पाच तारखेला ते सांगता यावेत एवढंच आपल्या हातात आहे.

आपल्या भाषणाची इतक्या मनापासून वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही) एकनाथ मेश्राम

सोबत:
१) व्हीसीआरने खाल्लेली टेप, पिशवीत.
२) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
३) सांभारवडीचा डबा. ही लाच नाही. संध्यावहिनींच्या साडीबद्दल आहे.