दीवची स्कूटर आणि माझा साक्षीदार

मंगळवार, २ डिसेंबर. बडोदे.

उद्या रात्रीच्या बसने दीव. बॅग भरली. हंबीररावांचीही मीच भरली, नाहीतर हे दोन बनियन आणि एक टॉर्च घेऊन निघतात.

कशासाठी जातोय ते लिहून ठेवते. नवरात्रानंतर दांडिया बाजारात एका भाजीच्या लारीला, म्हणजे हातगाडीला, माझ्या स्कूटरचा स्पर्श झाला. नुसता स्पर्श. काही कोबी गडगडले, पण कोबी गोलच असतो, त्यात माझा काय दोष. तेवढ्यावरून रसिका घरी आली आणि किल्ली पर्समध्ये टाकून घेऊन गेली. पोटची मुलगी. म्हणाली, आई, आता रिक्षाने फिरायचं.

मी म्हटलं, बाबांना मागे बसवून अख्खं दीव भाड्याच्या स्कूटरवर दाखवून आणते, मग बोल. ती म्हणाली, ठीक. बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की सगळं नीट झालं, तर किल्ली तुझी. नाहीतर स्कूटर विकायची.

म्हणजे सगळं हंबीररावांच्या साक्षीवर. नाव हंबीरराव, आणि रस्ता ओलांडताना कुत्र्यालाही आधी जाऊ देतात. परत येईपर्यंत यांच्याशी गोड बोलायचं ठरवलं आहे.

गुरुवार, ४ डिसेंबर. दीव.

स्कूटर भाड्याने देणारा पोरगेला माणूस मला म्हणाला, माजी, चलावशे कोण? मी म्हटलं, हूं, म्हणजे मीच. आणि म्हातारीला म्हणतात तसं माजी नाही, बेन. तो हंबीररावांकडे बघत राहिला. हंबीरराव आकाशाकडे. मग त्याने हळूच विचारलं, काका, तमने वांधो नथी ने? हे म्हणाले, वांधो असून कोणाला सांगू.

हे असलं बोलणं रसिकापुढे चालणार नाही. लक्ष ठेवायला हवं.

किल्ला पाहिला. घोघल्याचा किनारा पाहिला. एक गाय आडवी आली, तिला मी इंग्लिशमध्ये झापलं, ती गेली. बाकी निर्विघ्न. फक्त एक तक्रार. मी बोलते तेव्हा हे मागून नुसतं हं म्हणतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर लोकांना गप्प बसवलं, आता कुठे बोलायची सोय झाली, तर घरात एकच श्रोता आणि तो हा.

शुक्रवार, ५ डिसेंबर. सकाळी.

आज नागोवा. हंबीररावांचा फोन आणि पाकीट माझ्या पर्समध्ये ठेवलं. हे वस्तू कुठेही विसरतात. वाटेत पेट्रोल भरायचं आहे, काटा अगदी खाली आलाय.

११.३०. नागोवा, किनाऱ्यावरच्या छत्रीखाली.

आजचं ड्रायव्हिंग उत्तम. पंपावर सीट उघडायला दोघांना उतरावं लागलं, तेवढाच खोळंबा. त्यानंतर स्कूटर अशी पळाली की जणू वजनच नाही. कालचं पेट्रोल भेसळीचं असणार.

आरशात मी बघत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, पाठ ताठ, नजर समोर. मागचे लोक काय करतात याची चौकशी मॅनर्समध्ये बसत नाही.

रस्ताभर निवांत बोलले. नणंदेने चांदीचं तबक का परत करायला हवं, ते समजावलं. मग लारीचा विषय काढला. म्हटलं, चूक लारीवाल्याचीच होती, बरोबर ना? हंबीररावांनी वाद घातला नाही. हं सुद्धा म्हटलं नाही. मन लावून ऐकत होते. लग्नानंतर प्रथमच एवढं एकमत. दीवची हवा मानवली म्हणायची.

पहिल्या झटक्यात पार्क केली. हेल्मेट काढेपर्यंत हे कुठेतरी निघूनही गेले. नारळपाणी आणायला असेल. सांगून जायची पद्धत नाहीच.

१२.००.

अजून पत्ता नाही. नारळवाल्याला विचारलं. तो म्हणतो, बेन, तमे तो एकलां ज आव्यां. मी एकटीच आले म्हणे. भर उन्हात बसून लोकांची दृष्टी जाते.

१२.३०.

रसिकाचा फोन. आई, बाबा कुठेत? मी म्हटलं, हे काय शेजारी, पाण्यात पाय घालून बसलेत, फार खूश आहेत. दे म्हणाली. मी म्हटलं, हात ओले आहेत. ती म्हणाली, पाय ना पाण्यात होते? ही लहानपणापासून अशीच, उलटतपासणी घेणारी.

मग त्याच फोनमधून हंबीररावांचा आवाज आला, स्नेहलता, मी पंपावर आहे.

पंपावरच्या बाईचा फोन मागून त्यांनी रसिकाला लावला होता आणि तिने दोघांना एकत्र जोडलं. यांना पाठ नंबर एकच, मुलीचा. बायकोचा नाही. मी विचारलं, तुम्ही बसला का नाहीत? म्हणाले, बुटाची नाडी बांधत होतो. हाक नाही मारली? म्हणाले, मारली की. पण तू बोलत होतीस.

पंपाकडे परत निघाले. वाटेत आरशात दोनदा बघितलं. आरसा नीट लावलाय ना, एवढंच. हे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होते. मला बघून म्हणाले, आलीस? मी म्हटलं, नाडी नीट बांधलीत का.

शनिवार, ६ डिसेंबर.

नायडा गुहा. दिवसभर हंबीररावांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला. मी म्हटलं, लोक बघताहेत. हे म्हणाले, बघू देत. हॉटेलवर यांना विचारून मासे मागवले, फिरनी मागवली, पंख्याखालची खुर्चीही यांनाच दिली. साक्ष अजून व्हायची आहे.

रविवार, ७ डिसेंबर. बडोदे.

संध्याकाळी रसिका आली. मी मुद्दाम यांच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी केली होती. तिने विचारलं, बाबा, खरं सांगा, आई कशी चालवते?

हंबीरराव प्रामाणिक माणूस. तोच तर त्रास आहे. घास संपवून म्हणाले, छान चालवते. पंपापर्यंत मला काहीसुद्धा त्रास झाला नाही. पुढचं मी कसं सांगू, मी नव्हतो.

रसिका हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. स्कूटर पुढच्या आठवड्यात मंदा घेऊन जाणार आहे, शेजारची. तिचा तोल बघवत नाही, पण तिला मुलगी नाही.

तसं माझंही ठरलंच होतं. या वयात चालणं उत्तम, पाठ ताठ राहते. उद्यापासून खंडेराव मार्केटला पायी. हंबीररावांना म्हटलं, तुम्हीही चला.

हे म्हणाले, येतो. पण मी पुढे चालतो, म्हणजे तुला दिसेन.