दोनदा दिलेली गोळी

दमलेल्या नर्स पोरींना ड्यूटी संपल्यावर तासभर अडकवून ठेवायचं आणि गोल करून हास्ययोग म्हणून हसायला लावायचं, ही कुठली रीत? मन हलकं होतं म्हणे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

मेट्रनबाई, नमस्कार. तुमच्या वॉर्डातल्या धाकट्या नर्सची मी आजी. तिच्या हातांत एक पेशंट गेला आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिला डबल ड्यूटी लावलीत. काल तिनं मला रक्तदाबाची गोळी दिली, पेला विसळून ठेवला आणि परत तीच गोळी घेऊन आली. म्हटलं, "झाली की घेऊन." तर म्हणते, "आजी, नाटकं नकोत, आ कर." मी गोळी गालात धरली आणि ती वळल्यावर थुंकून टाकली. तिला खरं पटवलं नाही, पोर हाय खाईल. पण तुमचे पेशंट थोडेच माझ्याइतके लबाड आहेत?

हे कळलं तर तुम्ही तिलाच काढाल, म्हणून पत्र द्यायला हात धजत नाही. ती दारात बूट घालतेय, ड्यूटीला निघाली. दिलंच, तर एवढं लक्षात ठेवा: तिच्यासाठी रजा मी मागतेय आणि डबल ड्यूटीचा जबाब तुम्ही द्यायचा. तिच्याकडून काही लिहून घ्यायचं नाही.

तुमच्यावर चिडलेली,
तिची आजी