जॅक कुठे लावला होता

जळगाव,
११ डिसेंबर १९९१

प्रिय भटू,

पाकिटावरचं अक्षर तू लांबूनच ओळखलं असशील आणि घरी काही बरंवाईट झालं असं तुला वाटलं असेल. ते आधी मनातून काढून टाक. घरात सगळे धड आहेत, मी तर जरा जास्तच. दरवेळी माझी पत्रं शेजारच्या ताईबाई मास्तरीण लिहून देतात, हे मात्र तुझा बाप लिहितो आहे. मी खाटेवर बसून सांगते आणि तो खाली सतरंजीवर, मांडीवर पाट घेऊन. त्याला बजावलंय की मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःच्या अंगाशी येईल ते गाळायचं नाही. हेसुद्धा लिही म्हटलं, तर माझ्याकडे बघून लिहिलं बिचाऱ्यानं.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी तुझ्या आत्याकडे, प्रमिलाकडे धुळ्याला जायचं निघालं. एसटीच्या बाकावर माझा खुबा बसू देत नाही, म्हणून बापानं मोठी गाडी काढली. वर्षभर ती ताडपत्रीखालीच होती. लग्नाची गिऱ्हाइकं दारात येऊन गेली, पण गाडी नादुरुस्त आहे म्हणून त्यानं सगळ्यांना वाटेला लावलं. तो ज्यांच्याकडे ड्रायव्हर होता त्या डाळमिलवाल्या रतिलालशेठनं म्हातारपणी ती त्याच्या हवाली केली तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, अठरा वर्षं दुसऱ्याची म्हणून पुसलीस, आता आपली म्हणून पूस. तिच्या पाठीवर चांदीच्या अक्षरांत काय लिहिलंय ते मला अजून कळलेलं नाही. पण मागच्या गादीवर बसलं की आपणच डाळमिलच्या मालकीण असल्यासारखं वाटतं, ते कळतं.

गाडी ताडपत्रीखाली का होती ते तुला ठाऊक आहे. तरी मी सांगणार, कारण लिहिणाऱ्याला ते एकदा स्वतःच्या हातानं लिहायला लावायचंय. पारोळ्याच्या पुढे वळणावर तू नवरदेवासकट गाडी कापसाच्या शेतात घातलीस. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नवरदेवाच्या फेट्यात दोन बोंडं अडकली, ती म्हणे त्यानं तशीच मांडवापर्यंत नेली. पण तुझा बाप मागच्या जीपमधून उतरला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर तुझ्या कानाखाली वाजवली. म्हणाला, प्यायला आहेस. तू म्हणालास, मी काहीच केलं नाही, स्टेअरिंग हातात राहिलंच नाही. मग दुसऱ्या दिवशी अंगणात त्यानं गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. ते तसूभर हललं नाही. गल्लीतल्या चार माणसांसमोर तो म्हणाला, लोखंड खोटं बोलत नाही. त्याच संध्याकाळी तू सुरतेची गाडी धरलीस.

वर्ष झालं. तिथं तू सुताच्या कारखान्यात तुटलेले धागे जोडतोस आणि कुणी टेम्पोवर बस म्हटलं तरी बसत नाहीस. दिवाळीच्या पत्रात तू लिहिलंस, मोठी माय, मला डुलकीच लागली असेल कदाचित. ताईबाईंनी ते वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. थापडीचं मला इतकं लागलं नव्हतं. पोरगा स्वतःच्याच हातावर विश्वास ठेवीना, याचं लागलं.

इथे तुझ्या बापानं पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायला गेला. पाणी पिऊन आलाय. लिही.

तर त्या सोमवारी धुळ्याला जाताना पारोळं मागे पडलं. गाडी खड्ड्यात गेली की पुढून टक् असा आवाज यायचा. मी म्हटलं, झुलाल, ही माझ्यासारखीच बोलते रे, माझा खुबाही उठताना असाच बोलतो. तर म्हणे, माय, तू गप बैस, विलायती गाडी शे. मी गप बसले. पुढे एका खड्ड्यातून चाक वर आलं आणि गाडी आपल्या आपण डावीकडे निघाली. बापाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, तो उजवीकडे ओढतोय आणि ती काही ऐकत नाही. बाभळीच्या दोन हात अलीकडे येऊन थांबली. माझं बोचकं पुढच्या सीटवर जाऊन पडलं. मी नाही गेले, देवानं मला वजन दिलंय. त्यानं गाडी बंद केली. मग माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "माय, मी काहीच करं नही."

मी म्हटलं, हे मी आधी ऐकलंय.

एवढंच म्हटलं, भटू. धुळ्यापर्यंत आम्ही पायी चालल्यासारखे गेलो. मागून एक बैलगाडीवाला आला, आमच्या पुढे गेला आणि वळून मला विचारतो, आजी, दोर बांधू का.

धुळ्यात चिंधा मिस्त्री म्हणून एक म्हातारा आहे. जुन्या मोठ्या गाड्या सगळ्या त्याच्याकडेच मरायला जातात आणि बऱ्या होऊन येतात. त्यानं मला बसायला खाट दिली, चहा दिला, मग गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, झुलालभाऊ, चाक तपासताना जॅक कुठे लावता? बाप म्हणाला, चेसिसला, शेठनं आखून दिलेल्या जागी. गाडीच्या सांगाड्यावरचे ते पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके तुला माहीत आहेत. जॅक तिथंच लावायचा, दुसरीकडे लावलेला दिसला तर नोकरीवरून काढीन, असा शेठचा नियम होता. शेठ गेले, नोकरी गेली, नियम तेवढा राहिला.

चिंधा हसला. म्हणाला, पंक्चर काढाले बरं शे, तपासाले नही. त्या ठिपक्यावर जॅक लावला की चाक लोंबकळतं. मग आतली स्प्रिंग सगळा जोर लावून सांधा ताणून धरते आणि ढिला झालेला सांधाही घट्ट वाटतो, सोयरे आल्यावर पोट आत ओढून बसणाऱ्या माणसासारखा. त्यानं तो जॅक काढला आणि चाकाजवळ, खालच्या आडव्या दांड्याखाली लावला. टायरखाली पहार घातली आणि नुसती उचलली. टक्. चाक बोटभर वर उडालं. तुझ्या बापानं पहार स्वतःच्या हातात घेतली. पुन्हा उचललं, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा उचललं. चिंधा म्हणाला, भाऊ, आता ते काय वेगळं सांगणार आहे?

बॉल जॉइंट म्हणतात त्याला. गोळा आणि वाटी, माणसाच्या खुब्यासारखं. वरचं रबराचं टोपडं कधीचं फाटलेलं, आत काळ्या मातीची धूळ आणि पाणी, ग्रीसचा थेंब नाही. ते काढताना चिंधानं सगळ्यांना लांब उभं केलं, कारण जॅक निसटला तर ती स्प्रिंग माणसाला जागेवर ठेवत नाही. मग त्यानं आणि त्याच्या हाताखालच्या पोरानं दोन बाजूंनी एकदम हातोडे मारले आणि सांधा सुटला. गोळा एका अंगानं झिजून चपटा झालेला. चिंधानं वाटी पुसून आतला गंज दाखवला आणि म्हणाला, ही झीज आजची नही, दोन-तीन पावसाळे खायेल शे. बापानं विचारलं, गेल्या मार्गशीर्षात असेल? तो म्हणाला, तेव्हा तर नक्कीच असेल, गाडी शेतात गेली नाही का कुठे?

हे लिहिताना तो थांबला नाही, एका दमात लिहिलं. म्हणून सांगते.

नवे सांधे इंदूरहून यायला तीन दिवस लागले. चिंधानं दोन्ही बाजूंचे बदलले, एक गुडघा नवा आणि एक जुना ठेवून कुणी चालत नाही म्हणाला. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून पुढची चाकं सरळ केली. प्रमिला डबा घेऊन यायची, पण तुझा बाप तिथून हलला नाही. तो जुना गोळा हातात घेऊन बसायचा. चिंधानं भंगारात टाकायला मागितला, तर दिला नाही.

परत येताना तुझं वळण आलं तशी त्यानं गाडी थांबवली आणि खाली उतरला. मला वाटलं, लघवीला गेला असेल. पण तो शेताकडे तोंड करून नुसता उभा होता. वेचणी चालली होती, बायका त्याच्याकडे बघून हसत होत्या. मग येऊन बसला आणि गाडी इतकी सरळ आणली की एरंडोल कधी गेलं मला कळलंच नाही. झोप लागली होती. वर्षभरात अशी लागली नव्हती. घरी आल्यावर त्यानं गल्लीतल्या त्याच चार माणसांना अंगणात बोलावलं आणि तो गोळा हातोहात फिरवला. "पोऱ्यानी चूक नही व्हती," म्हणाला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, "मनी व्हती." मी उंबऱ्यातून ऐकलं. त्या चौघांनी गोळा परत दिला आणि चहा मागितला.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. मला घाई नव्हती, मी ताईबाईंना सवडीनं सांगणार होते. पण काल दुपारी तुझा बाप पोस्टातून पाकीट घेऊन आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, माय, तुला भटूला काही लिहायचं आहे का? मी म्हटलं, लिहायचं तुला आहे. तर म्हणाला, चार दिवस बसतोय, 'प्रिय भटू'च्या पुढे काही सरकत नाही. कोनाड्यात चुरगळलेले कागद मी पाहिले. म्हणून मी एवढी बोलले, भटू, त्याचा हात चालू व्हावा म्हणून. आता झालाय. शेवटचा अर्धा कागद मी त्याला कोरा सोडते आणि भाकरी टाकायला उठते. त्यात तो काय लिहील ते त्याचं त्याला आणि तुझं तुला. उत्तर मात्र या वेळी मला पाठवू नकोस. त्याच्या नावानं पाठव, त्याला वाचता येतं.

तुझीच,
मोठी माय