पाळीवरचा उंबर

मुकादम, तुमचा उंबर आता माझ्या कवेत मावत नाही. तुमची राख मी तलावाच्या पाळीवर, पाणी अडवणाऱ्या बांधावर, बरोबर मधोमध पुरली आणि वर हे रोप लावलं, त्याला वीसेक वर्षं झाली असतील. मोर्शीकडची माणसं अजून सांगतात, मुकादमानं घातलेल्या पाळीवर मुकादमालाच बसवलं, माणूस असावा तर असा. मी हात जोडतो, हसतो. माझं हसणं चांगलं आहे, अर्धा धंदा मी त्यावरच उभा केला.

तुम्ही मात्र हसला नसता. ही मातीची पाळ घातली तेव्हा तलावाचे मालक दुसरे होते, तुम्ही टोळीचे मुकादम आणि मी पाट्या टाकून धुम्मसानं माती दाबणारा, नुकतं लग्न झालेला मजूर. दुपार आहे. बायको पहिल्यांदाच कामावर शिदोरी घेऊन आलेली. तुम्ही भरावावरून अनवाणी चालत येता, एका जागी थांबता, अंगठ्यानं माती उकरता आणि बाभळीचं मनगटाएवढं मूळ वर काढता. कोणाची पाटी, असं विचारत नाही, सरळ माझ्याकडे पाहता. मग सकाळपासून दाबलेला भराव मला नुसत्या हातांनी उकरायला लावता. ती लाजून उठायला जाते, तर तिलाही उठू देत नाही. "बस वो बाई. पाहून घे, नवऱ्याले हात हायेत का नुसते कानच हायेत." टोळी हसते. संध्याकाळपर्यंत माझ्या नखांतून रक्त येतं आणि ती डबा मांडीवर घेऊन तशीच बसलेली. शेवटी तुम्ही माझ्यापुढे उकिडवे बसलात आणि अगदी मायेनं म्हणालात, "लाकूड आतमंदी सडते, त्याची नळी होते, आन् नळी पाण्याले सापडतेच. पाळीवर झाड नाई, पाळीत मूळ नाई. ध्यानात ठेव."

ठेवलं.

कानांचं तुम्ही बोललात ते खरंच होतं. माझे कान तिखट आहेत हे पहिल्यांदा तुम्हीच ओळखलं. पायथ्याशी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, रोवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, आत पाणी चालत असेल तर कळतं. काम संपल्यावर तुमची ती सब्बल तुम्ही मला देऊन टाकली. तिच्या जोरावर मी पुढे मातीकामाची कंत्राटं घेतली, आणि मालकाची मुलं अमरावतीला राहायला गेली तेव्हा हा तलाव, पाळीखालची जमीन, वरच्या अंगाचा संत्र्याचा बगीचा, सगळं माझं झालं. एवढं दिलंत, पण ती एक दुपार काही परत घेतली नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा राख नदीत सोडायला निघालेल्या तुमच्या लेकीला मीच थांबवलं. लोकांना ती माया वाटली. मला तुमचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच झाड तिथं लावलं.

यंदा पाऊस संपला आणि पायथ्याला ओल दिसली. अकोल्याहून एक निवृत्त इंजिनीअर आणला. त्यानं झिरपणारं पाणी काचेच्या ग्लासात धरलं आणि तसंच ठेवून दिलं. आमचा चहा होईतो तळाशी मातीचा थर बसला. स्वच्छ पाणी झिरपलं तर एवढं भ्यायचं नाही, गढूळ आलं की पाळ आतून वाहून चालली, हे तुम्ही सांगायचात तेच त्यानं इंग्रजीत सांगितलं. म्हणाला, उंबर नुसता तोडून भागणार नाही, मुळं आत सडतील. तलाव आजच रिकामा करा, मुळं खोदून काढा, पाळ परत भरा. आज रिकामा केला तर जानेवारीत तहानलेल्या ठेवलेल्या संत्र्याचा ताण तोडायला पाणी नाही, म्हणजे फूल नाही, बहार गेला. त्याला जेवू घातलं, संत्र्यांची पेटी दिली, गाडीत बसवून दिलं.

पाळीच्या अगदी खाली तुमची लेक राहते. जमीन मीच करायला दिली. वांगी, मिरची, पालक लावते. रोज सकाळी "बाबाले पाणी घालून येतो" म्हणून उंबराला तांब्याभर पाणी ओतते. परवा ती टोपलीभर वांगी घेऊन घरी आली, चेहरा असा फुललेला. "भाऊ, वाफे आपोआपच भिजून राहिले. पाणी द्याचं कामच नाई उरलं."

मी म्हटलं, "तुह्या बापानंच धाडलं असन."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मला त्याचंही काही वाटलं नाही. मग म्हटलं, चार दिवस अकोल्याला लेकीकडे जा, नातवाला पाहून ये. ती म्हणाली, "आता? असं घरबसल्याचं पाणी टाकून कुठी जाऊ?" खरं सांगितलं असतं तर तिनं गावाला सांगितलं असतं, गावानं तहसीलला, आणि पाणी सोडायला तलावाचं दार मला उघडावंच लागलं असतं. म्हणून मी बरं म्हटलं. वांग्यांचं भरीत बायकोनं केलं. चांगलं झालं होतं.

तुमची सब्बल काढून ठेवली आहे, पण लावावी लागली नाही. पायथ्याशी उभं राहिलं तरी मला ऐकू येतं.

हे पत्र कुठं टाकायचं असतं तर लिहिलंच नसतं. फक्त एक सांगायचं राहिलं. पायथ्याच्या विहिरीवरची माझी मोटर मी काल उचलून वरच्या शेडमध्ये नेली. तिनं विचारलं, "काहून हलवता, भाऊ?" गाळ धरते, म्हटलं. पाइप लांब होता, मला एकट्याला झेपेना. दुसरं टोक तिनंच धरलं.