सदऱ्यातली तोर्ता

प्रिय वाल्देमार,

चार वर्षांत पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा पत्र एकट्यानं वाच. तू राहतोस त्या घरी नेलिदा वन्संना दुसऱ्यांची पत्रं चष्म्याशिवायही वाचता येतात.

आपली नोएमी जिंकली हे तुला ठाऊक आहे. शर्यत रेडिओवर ऐकताना खुर्चीवर बसून तूही घोडा दौडवलास, आणि शेवटच्या वळणावर खुर्चीचा हात मोडलास, हे वन्संनी फोनवर सांगितलं. त्यानंतर काय झालं ते मात्र रेडिओनं सांगितलं नसेल.

शर्यतीच्या दिवशी, तीन राजांच्या सणाला, सकाळपासून पाऊस. मारोन्यासचं मैदान म्हणजे नुसता चिखल. तिचा घोडा तेर्को नावाप्रमाणेच हट्टी. निम्मं अंतर तो सगळ्यांच्या मागे रुसल्यासारखा पळत होता. वळणावर नोएमीनं त्याच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, पण शेवटी मुंडीभर पुढे निघाला गडी. आणि मी वेडी कठड्याखालून आत घुसले. पोरगी वजनासाठी तीन दिवस लिंबूपाण्यावर होती रे. मी तिला मिठी मारली आणि सकाळी तळलेली पिठाची एक तोर्ता तिच्या सदऱ्यात सारली. पुन्हा वजन होईपर्यंत जॉकीला कुणी हात लावायचा नसतो, हे जॉकीच्या बायकोला बावीस वर्षांनी आठवू नये!

मग काय, दुसऱ्या नंबरच्या घोड्याचा ट्रेनर बारिओला धावत पंचांकडे. म्हणे, मुलगी वजनात कमी होती, आईनं भर घातली. सत्तावन्न किलो हवे होते, काटा दोनशे ग्रॅम पुढे. चेंगरलेली, तेलकट तोर्ता सगळ्यांसमोर बाहेर निघाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नोएमी पुन्हा काट्यावर चढली. बरोब्बर सत्तावन्न! तरी बारिओला हुज्जत घालतच होता आणि बोलता बोलता टेबलावरचा पुरावा मोडून तोंडात टाकत होता. म्हातारे पंच फेर्मिनसाहेब शांतपणे म्हणाले, "बारिओला, तक्रार मागे घेतोस, की उरलेलीही खातोस?"

करंडक राहिला. मला हिवाळ्यापर्यंत मैदानबंदी.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी गल्ली मांस भाजायला अंगणात जमली होती. नोएमीनं स्वयंपाकघरात येऊन खोगीर टेबलावर ठेवलं, सॅलडच्या शेजारी. म्हणाली, "आई, जिंकून झालं. आता सोडते. पप्पांना कळव, घरी या म्हणावं."

चार वर्षांपूर्वी घर सोडून जाताना तू म्हणाला होतास, या घरात एक तर तिचं खोगीर राहील, नाही तर मी. म्हणजे तूही जिंकलास. मला आनंद व्हायला हवा होता. पण पोरगी दोन दिवस वाढेन ते निमूट खाते, झाडलेली जमीन पुन्हा झाडते, आणि सकाळी सरावाचे घोडे दारावरून जायला लागले की रेडिओ मोठा करते. शुक्रवारी ती जॉकीचा परवाना परत देणार आहे. माझं ऐकत नाही. ते डोकं तुझ्याकडून आलंय. म्हणून हे पत्र. गुरुवारच्या बसनं ये आणि तिला नको म्हण. ज्या तोंडानं सोड म्हणालास त्याच तोंडानं. मग खोगीरही राहू दे आणि तूही राहा. घरात जागा आहे.

वाट पाहणारी, रागावलेली, पण तुझीच,
एल्सिरा