उत्तरेकडचा खांब

रविवार, ता. १७ डिसेंबर १९७२. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे. हाताचा चुना पुसून लिहायला बसलो आहे.

जिंकल्या! आमच्या कॉलेजच्या मुली खो-खोचा अंतिम सामना जिंकल्या. माझी शिपायाची नोकरीही राहिली, असे वाटते.

चूक माझीच. खांब पुरताना माती ओली करून ठोकायची असते. या दुष्काळात एकच बादली मिळाली, ती दक्षिणेकडच्या खांबाला संपली. उत्तरेकडचा कोरड्यातच ठोकला आणि कुणाला बोललो नाही. मध्यंतरात हात लावून पाहिला, तर हलत होता. आमच्या संघातली सुमन त्याच खांबाला धरून सूर मारते. पोरीचा हात मोडला असता तर? तरी गप्प बसावे, असे क्षणभर मनात आले. का आले?

शेवटी मुलींना खो-खो शिकवणाऱ्या बाईंना सांगितले. त्यांनी पंचांकडून पाच मिनिटे मागून घेतली आणि मुलींच्या पिण्याचा माठ माझ्यापुढे ठेवला.

“बाई, मग आमी काय प्यायचं?” सुमनने विचारले.

“जिंकलात तर चहा. दगडू, ओत.”

सुमन हसली. “दगडूभाऊ, सगळा वता. पर आता हलला, तर तुमालाच पुरीन तिथं!”

ओतला. पहारीने माती ठोकली. शेवटच्या मिनिटाला सुमनने त्याच खांबावरून सूर मारून गडी टिपला. एका गुणाने जिंकलो.

जाताना बाई एवढेच म्हणाल्या, “वेळेवर सांगितलंस, बरं केलंस.”

मघाशी खांब काढायला गेलो होतो. उत्तरेकडचा दोन्ही हातांनी ओढला, तरी निघेना. राहू दे आजची रात्र.