चढ सायकलवर, उतार पायी

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे आपलं रीत म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात परवापासून मला कमरेत वाकता येत नाही. खाली पडलेला चमचासुद्धा तुमचा भाऊ उचलून देतो.) तुमचा रक्तदाब कसा आहे? पुढे वाचण्याआधी सकाळची गोळी घेतली आहे ना, एवढं बघून घ्या. इकडे सगळे सुखरूप. तुमचे हे, म्हणजे आमचे भाऊजी, तर फारच मजेत आहेत. भूक चांगली, झोप चांगली, हाडं सगळी जागच्या जागी. हल्ली खुर्चीत बसताना ते जरा एका अंगावर बसतात, पण त्याचं कारण एवढंच की नावनोंदणीच्या टेबलामागची खुर्ची फार कडक होती. फोन करायचा सोडून हिने पत्र का लिहिलं, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही मला पहिल्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही आणि ही हकिकत पहिल्या वाक्यात मावणारी नाही.

तुमची अट आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊजी उतारावर सायकलवरून पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं आणि तुम्ही त्यांची सायकल गच्चीवरच्या खोलीत साखळीने बांधून टाकलीत. यंदा शर्यतीला हातभार लावायला म्हणून पाठवलंत ते बजावूनच : टेबलाशी बसायचं, आलेल्यांना नंबर वाटायचे, सायकलवर टांग टाकायची नाही, टाकल्याचं कानावर आलं तर वरची सायकल भंगारात जाईल. खुर्चीचं मी मघाशी लिहिलं ते सोडून द्या. वन्सं, टांग टाकली. पण सगळं वाचून होईपर्यंत भंगारवाल्याला हाक मारू नका. त्या सायकलचा जीव वाचावा म्हणून तर मी हे लिहायला बसले आहे.

तुमच्या भावाला डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचं वेड कसं लागलं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंत, मी लग्नापासून भोगते आहे. आधी बरीच वर्षं हा माणूस स्वतः भाग घ्यायचा आणि दरवेळी मांडव उतरवायला घेतला की पोचायचा. शेवटी त्याच्या लक्षात आलं की शर्यत आपणच भरवली तर निदान मांडव उतरवायचा की नाही ते आपल्या हातात राहील. तेव्हापासून आमच्या घरात सुख नाही. शर्यतीच्या महिन्यात न्हाणीघराच्या दांडीवर टॉवेलऐवजी ट्यूबा वाळत असतात, बेसिनमध्ये चेन भिजत असते, आणि पाहुणे आले की त्यांना टायरांवर बसावं लागतं. एवढं करून माणसं काय करतात, तर सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत उठून डोंगराला दोन फेऱ्या घालतात, दगडांवर आपटतात, ओढ्यात पडतात, आणि अंधार पडता पडता परत येऊन पुढच्या वर्षी कधी आहे म्हणून विचारतात. (डोक्यावर आपटलेल्यांना मी आधी तपासते. न आपटलेलेही तेच विचारतात, त्यामुळे निदान करणं कठीण जातं.)

रस्ता कळावा म्हणून जागोजागी फांद्यांना नारिंगी कापडाच्या पट्ट्या बांधतात. मागच्या वर्षी त्या काढायच्या राहिल्या आणि पुढे कित्येक महिने डोंगर लग्नघरासारखा दिसत होता. वनखात्याचे साहेब संतापले. यंदा त्यांनी सांगून टाकलं की एक जरी पट्टी झाडावर राहिली तरी पुढच्या वर्षी परवानगी नाही. आता शर्यतीत सगळ्यांच्या मागे राहून झाडाझाडाशी थांबत यायला कोण तयार होणार? सगळ्यांना पुढेच जायचं असतं. शेवटी मीच म्हटलं, मी करते. दोन महिने पहाटे सराव केला. शेजारीण म्हणाली, या वयात? मी म्हटलं, वय पुढे जाणाऱ्यांना लागतं, मला मागेच राहायचं आहे.

आता इथे तुमचा थोडा हात आहे, तेही लिहून टाकते. मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स. पोट शिवायच्या आधी आत गेलेला प्रत्येक गॉजचा तुकडा मोजून बाहेर आल्याशिवाय मी सर्जनला दोरा देत नाही. मग तो कितीही मोठा सर्जन असो. आणि घरी आले तर तुम्ही. नवी नवरी होते तेव्हा तुम्हीच मला शिकवलंत की शेवटचा माणूस जेवून उठला की त्याच्या मागोमाग टेबल स्वच्छ झालं पाहिजे. अशा बाईला तुमच्या भावाने शर्यतीच्या आदल्या दिवशी काय सांगावं? ‘शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं आणि पट्ट्या काढत यायचं.’ एवढंच. एक अक्षर जास्त नाही.

भाऊजी सकाळी टेबलावर शहाण्यासारखे बसले होते. नंबर वाटून झाले, एक उरला. ज्याचा होता तो आला नाही. शर्यत सुटायची वेळ झाली तेव्हा टेबलामागे कुणी नव्हतं आणि उरलेला नंबर तुमच्या भावाच्या जुन्या सायकलच्या हँडलला बांधलेला होता. तुमचा भाऊ शपथेवर सांगतो की त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. (सायकलची सीट मात्र बरोबर भाऊजींच्या उंचीला आणून ठेवलेली होती.) मी आडवी गेले. भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, मी सगळ्यात मागेच असणार. म्हणजे तुमच्या नजरेसमोरच ना?’ मी वाट सोडली. नाहीतरी मला शेवटचा कुणीतरी हवाच होता.

वन्सं, आता जे लिहिते ते नीट वाचा. भाऊजी जसे गेले तसं डोंगरात कुणी जात नाही. चढ आला की बाकीचे उतरून सायकल ढकलतात आणि उतार आला की सुसाट सुटतात. हे चढ सायकलवर बसून चढत होते, अगदी लहान गिअरवर, गोगलगाईच्या चालीने पण पाय न टेकता. आणि उतार लागला की खाली उतरून, सायकल हातात धरून, पायी. प्रत्येक उतार. मुंगीलासुद्धा घसरता येणार नाही असा उतार असला तरी पायी. त्यात सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेलेली. ओढा दिसला की थांबून हे पाणी कुठून आलं आणि कुठे जाणार ते बघितल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. त्यामुळे आमची छान जोडी जमली. ते पाणी बघायचे, मी पट्टी सोडायची, पिशवीत टाकायची, मोजायची. डोंगर माझ्यामागे असा लख्ख होत होता की तुम्ही बघायला हव्या होतात.

पहिली फेरी संपवून आम्ही मैदानावर आलो तेव्हा तिथे फारच माणसं उभी होती. मला वाटलं, आमच्या स्वागताला. तुमचा भाऊ माइकवर बोलत होता. म्हणत होता की कुणीतरी नतद्रष्ट माणसाने आपल्या पट्ट्या काढून नेल्या आहेत, दुसऱ्या फेरीला गेलेले सगळे पहिल्या वळणावरच भरकटले, काही परत आले, काही अजून खाणीच्या बाजूला भटकताहेत, आणि हा माणूस हाती लागला तर त्याला सोडणार नाही. त्याच क्षणी मी पोटाशी भरलेली पिशवी धरून, तोंडभर हसत, त्याच्यासमोर येऊन उभी राहिले. पिशवीतून पट्ट्या उतू चालल्या होत्या.

‘अगं, पहिल्या फेरीत कशाला काढल्यास?’ तो म्हणाला. माइक चालूच होता.

‘शेवटच्या माणसाच्या मागे राहा म्हणालात.’

‘शेवटच्या फेरीत गं!’

‘फेरीचं काही म्हणाला नाहीत.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर राबून उभी केलेली शर्यत मी अर्ध्या दिवसात पिशवीत भरून आणली होती. शर्यत रद्द करू, असं दोघंतिघं म्हणालेही. मला खरंच रडू आलं, आणि मी कधी रडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा भाऊजी पाणी पिऊन आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘पिशवी घ्या वहिनी. कुठली पट्टी कुठे होती ते मी सांगतो.’ आणि खरंच त्यांना सगळं येत होतं. बाकीच्यांनी रस्ता डोळे मिटल्यासारखा पार केला होता, यांनी पाण्याच्या मागून जाऊन पाहिला होता. मग दुसऱ्या फेरीत सगळ्यांच्या पुढे कोण, तर भाऊजी. त्यांच्या मागे पट्ट्या बांधत मी. आमच्या मागे खाणीतून, गोठ्यांतून, कुणाकुणाच्या शेतातून गोळा झालेले सगळे शर्यतवाले, ओळीने, एकामागे एक. पुढे जायला मनाई नव्हती. पण जाणार कुठे? गेल्या वर्षी पहिली आलेली बेकरीवाली बाई, मांड्या अशा की पोत्यातलं पीठ तिला बघून आपोआप मळलं जात असेल, ती त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून चालली होती. थोड्या वेळाने नम्रपणे म्हणाली, ‘काका, जरा जोरात?’ भाऊजी म्हणाले, ‘हो, हो, जा ना. पुढे डावीकडे वळायचं की उजवीकडे, तेवढं मला सांगून जा.’ ती परत त्यांच्या मागच्या चाकाला चिकटली. ओढ्यांशी थांबून भाऊजींनी सगळ्यांना पाणी समजावून दिलं. हातपाय शिवशिवणारी चाळीसेक माणसं सायकली धरून माना डोलवत होती. शाळेत इतकी शांत बसली असती तर सगळी डॉक्टर झाली असती.

उतारांवर मात्र सगळ्यांचा धीर सुटायला लागला. भाऊजी पायी, म्हणजे आख्खी शर्यत पायी. शेवटी बेकरीवालीने विचारलंच की काका, दमछाक करून चढ चढता आणि मजेचा भाग चालत जाता, हे कसलं वागणं? भाऊजी म्हणाले, ‘हाड मोडलं त्याचं मला काही वाटलं नाही. पण इस्पितळात आमची ही आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. डबा आणायची, उशी नीट करायची, पण बोलली नाही. तसा आठवडा मला परत नको.’ त्यानंतर कुणी त्यांना घाई केली नाही. मी पट्टीची गाठ मारत होते, ती मला दोनदा मारावी लागली.

शेवटच्या टेकडीवरून खालचं मैदान दिसायला लागलं तसे भाऊजी बाजूला झाले आणि म्हणाले, आता दिसतंय ना, जा. मग जे काय सुटले सगळे. सगळ्या दिवसाची शर्यत त्या एका उतारावर झाली आणि बेकरीवाली पुन्हा पहिली आली. आम्ही दोघं पायी उतरलो. अंधार पडायला आला होता. पण वन्सं, एकही माणूस मैदान सोडून गेला नव्हता. शर्यत पायी संपवली तर चालते का, असं कुणीतरी विचारलं. तुमच्या भावाने मांडव उतरवणाऱ्यांना थांबवलं आणि माइकवर सांगितलं की आमच्याकडे चालते. आमच्या ह्यांचा मला इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता. (असा माणूस चांगला वागला की आमचे हे, एरवी तुमचा भाऊ.)

निवृत्त झाल्यापासून भाऊजी गॅलरीत बसून नुसते रस्त्याकडे बघतात, असं तुम्हीच मला गेल्या वेळी सांगितलंत आणि पदर डोळ्यांना लावलात. परवा ते रस्त्याकडे बघत नव्हते. एवढंच मला सांगायचं होतं. आता मात्र मी कानाला खडा लावला आहे. तुमच्या परवानगीशिवाय त्यांना पुन्हा सायकलच्या आसपासही फिरकू देणार नाही. तब्येतीला जपा. तुमच्या धाकट्या भावजयीवर रागावायचं असेल तर रागवा, पण बोलणं टाकू नका.

तुमची,
पट्ट्यावाली

ता. क. मघाशी कानाला खडा लावला तो जरा सैल करावा लागतो आहे. दुसऱ्यांदा बांधलेल्या पट्ट्या अजून डोंगरावरच आहेत. साहेबांनी रविवारपर्यंत मुदत दिली आहे. त्या गडबडीत कुठली कुठे बांधली ते मला आठवत नाही. भाऊजींना सगळं आठवतं. पण ते म्हणतात, हिला विचारल्याशिवाय आता पाऊल टाकणार नाही.

ता. क. दुसरं. हिशेब आवरायचे राहिलेत म्हणून ते इथे थांबले आहेत, असं त्यांनी तुम्हाला कळवलं आहे. हिशेब कालच झाले. ते घाबरले आहेत. फोन वाजला की उठतात, दोन पावलं टाकतात, आणि मला म्हणतात, वहिनी, तुम्ही घ्या.

ता. क. शेवटचं. हे पत्र घेऊन आलेली दणकट बाई म्हणजेच ती बेकरीवाली. तुमच्या गावात तिचा माल जातो. ती अजून दारात उभी असेल, तिला आत बोलवा. तिच्या गाडीत रिकाम्या ट्रेंच्या बाजूला एका सायकलपुरती जागा केली आहे आणि पुढची सीट तुमच्यासाठी पुसून ठेवली आहे. भाऊजींना यातलं काही ठाऊक नाही. रविवारी चढ ते त्यांचे ते चढतील, त्यात कुणाची मदत लागत नाही. पण उतार पुष्कळ आहेत, आणि ते सगळे ते पायीच येणार. तेव्हा बरोबर चालायला कुणीतरी हवं. मी जाणार नाही. माझी कंबर धरली आहे, आणि बरी झाली तरीही जाणार नाही.